बायबलच्या नव्या करारातल्या ‘अपोलुत्रोसिस’ या ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ काय? मोल भरून सुटका की नुसतीच सुटका?

मुळात मोल भरून सुटका. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलाला नुसती सुटका म्हणायची असती तर ग्रीकमध्ये त्यासाठी साधे शब्द होते. या शब्दाच्या पोटातच ‘लुत्रॉन’ बसलाय, म्हणजे कैदी किंवा गुलाम सोडवायला मोजलेली रक्कम. मार्क १०:४५ मध्ये येशू स्वतःच्या जिवाला तोच शब्द लावतो आणि आपल्या मराठी बायबलात तिथे ‘खंडणी’ आहे. आजच्या पोरांना खंडणी म्हटलं की गुंडाचा फोन आठवतो, त्याला इलाज नाही.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की चर्चमध्ये ‘सुटकेचे तीन ग्रीक शब्द’ असा संदेश ऐकला आणि गोंधळ झाला. तो संदेश मला तोंडपाठ आहे. माझे थोरले साडू तो वर्षानुवर्षं देत आलेत. आगोराझो म्हणजे गुलामांच्या बाजारात जाऊन विकत घेणं. एक्सागोराझो म्हणजे बाजारातून कायमचं बाहेर काढणं, पुन्हा विक्री नाही. आणि लुत्रोओ म्हणजे मोकळं सोडणं. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक आमेन.

एका नाताळात सासुरवाडीला घरची उपासना आटोपल्यावर मी सरळ विचारलं, “दादा, इफिस ५:१६ मध्ये वेळ साधून घ्या म्हटलंय, तिथेही एक्सागोराझोच आहे. वेळ काय गुलामांच्या बाजारातून आणायची?” मी पतसंस्थेत नोकरीला, सोनेतारणाच्या टेबलावर. साडू हसले नि म्हणाले, “अहो, तुम्ही सोनेतारण सांभाळा, आत्म्याचं तारण आम्ही बघतो.” सगळं घर हसलं. आमच्या मंडळीही हसल्या. कोटी चांगली होती हे मी मान्य करतो. उत्तर मात्र नव्हतं.

त्या रागावर मी ग्रीक शिकलो. रात्री जेवणं झाली की ओळीखाली अर्थ दिलेला नवा करार घेऊन बसायचो. तेव्हा कळलं की पहिली पायरीही खोटी आहे. १ करिंथ ६:२० मध्ये ‘तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात’ असं म्हणताना पौल साधा आगोराझो वापरतो, आणि त्याच्या आधीच सांगून टाकतो की तुम्ही आता स्वतःचे नाही. व्यवहार तिथेच पुरा. पुढच्या पायरीची वाट बघत बाजारात उभं राहिलेलं कोणी नाही.

आणि सोनेतारणाच्या टेबलाला हसू नये. तिथे येणारी बाई कधी “गंठण विकत घ्यायला आले” असं म्हणत नाही. ती म्हणते, “सोडवायला आले.” वस्तू तिचीच असते, तरी मुद्दल नि व्याज भरल्याशिवाय हातात येत नाही. जुन्या करारात नेमकं हेच आहे. लेवीय २५ वाचा: भावाने गरिबीपायी जमीन विकली किंवा स्वतःलाच विकलं, तर जवळच्या नातलगाने मोल देऊन ते परत सोडवावं. रूथच्या गोष्टीतला बवाज हेच करतो. या सोडवण्याचे हिब्रू शब्द ग्रीकमध्ये आणताना सत्तरीच्या भाषांतराने, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने, अनेक ठिकाणी लुत्रोओ हेच क्रियापद घेतलं. पौल ते शास्त्र वाचत वाढला. त्याच्या कानात आधी लेवीय वाजत असणार, करिंथचा बाजार नंतर.

साडूंचा दुसरा हुकमी एक्का डेल्फी, म्हणजे प्राचीन ग्रीसमधलं अपोलो देवाचं देवस्थान. आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १९०८ च्या पुस्तकात तिथले शिलालेख पुढे आणले. असे लेख हजाराहून अधिक आहेत: मालक गुलामाला अपोलो देवाला ‘विकतो’, आणि गुलाम मोकळा होतो. ऐकायला गोड आहे. पण पैसे बहुधा गुलामानेच जमवलेले असत, देव नावापुरता गिऱ्हाईक. शिवाय त्या लेखांतला ठरलेला शब्द विक्रीचा आहे, अपोलुत्रोसिस नव्हे. आणि बऱ्याच लेखांत ‘पारामोने’ नावाची अट असते: मालक मरेपर्यंत त्याच्याच घरी राहून सांगेल ते काम करायचं. व्यासपीठावरून ही अट कोणी वाचून दाखवत नाही.

रक्कम कोणाला दिली, हेही तुम्ही विचारलंय. यावर चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतल्या धर्मपंडितांतच वाद होता. त्यांच्यातला ओरिजेन म्हणाला, सैतानाला. न्यिसाच्या ग्रेगरीने त्यात गळाला लागलेल्या माशाचं रूपक घातलं. नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पनाच संतापजनक वाटली: दरोडेखोराला खंडणी, आणि तीही देवाचाच जीव? मी त्याच्या बाजूचा. १ पेत्र १:१८-१९ मध्ये कशाने सोडवलं ते आहे, रुप्यासोन्याने नव्हे, रक्ताने. कोणी वसूल केलं ते तिथे नाही, आणि नाही ते उपदेशकाने भरू नये.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर साडू म्हणतील लपवली. निर्गम ६:६ मध्ये देव बाहू उगारून इस्राएलाला सोडवीन म्हणतो, ग्रीकमध्ये तिथेही लुत्रोओच आहे, आणि त्यांना गुलाम ठेवणाऱ्या मिसरच्या राजाला, फारोला, दमडी मिळाली नाही. लूक २१:२८ आणि रोम ८:२३ मध्ये अपोलुत्रोसिस आहे, पण मोलाचा उल्लेख नाही. तिथे ‘सुटका’ एवढंच वाचलं तरी चालतं. इफिस १:७ मध्ये मात्र ‘रक्ताच्या द्वारे’ शेजारीच लिहिलंय, तिथे मोल पुसता येणार नाही. हा शब्द नव्या करारात जेमतेम दहा ठिकाणी येतो. सगळी ठिकाणं स्वतः उघडून बघा, संदेशावर विसंबू नका.

तुमच्या पाळकांना विचारायचं तर एकटे असताना विचारा, चारचौघांत नको. आणि डेल्फी निघालंच तर पारामोनेचं काय, एवढंच विचारा. आमच्याकडे त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.