दहा प्रकरणं झाली, लव्हस्टोरी कुठी हाय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बीएला हाय, दारव्ह्याकडच्या खेड्यात राहते. मॅडमनं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही इंग्रजी कादंबरी वाचाले सांगतलं, मैत्रिणी म्हणतात लय भारी लव्हस्टोरी हाय, पण माहे दहा प्रकरणं झाले तरी नुसतं याच्या घरी जेवण, त्याच्या घरी नाच, अन् सारे बसून गोष्टी करून राह्यले. डार्सी तर लय अकडू हाय. सोडून देऊ का?

उत्तर : अगं थांब, सोडू नको. तू लव्ह शोधून राहिली म्हणून बोअर होतंय, त्या गोष्टींमध्ये पैसा शोध. तिसऱ्या प्रकरणात डार्सी नाचाच्या हॉलमध्ये येतो अन् पाच मिनिटात साऱ्या हॉलला माहीत होतं की याचं उत्पन्न वर्षाला 10,000 पौंड. आपल्याकडं लग्नाच्या मांडवात नाही का, पोरगा बसला नाही बसला की सुरू, काय करते, पर्मनंट हाय का, वावर किती. फरक इतकाच की आता वावरवाल्याले कोणी पोरगी देत नाही, नोकरीवाला पाह्यजे, अन् तिथं जमीन म्हणजेच सारं काही.

आता सातवं प्रकरण परत उघड. सुरुवातीलाच आहे, नायिका एलिझाबेथचा बाप बेनेट, त्याची इस्टेट वर्षाला 2,000 पौंडाची पण मुलगा नाही म्हणून ती दूरच्या नातेवाइकाला जाणार. पाच पोरी अन् सातबाऱ्यावर एकीचंही नाव येणार नाही! बाप गेला की घरसुद्धा गेलं. हे डोक्यात ठेवून आईची बडबड वाच, सारे तिला हसतात, मला तर वाटतं त्या घरात धोका तिलाच दिसतो, बाप आपला पुस्तकं घेऊन टोमणे मारत बसला. (आपल्याकडं 1994 च्या दुरुस्तीनं पोरींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतातच, ते तुला सांगायला नको.)

तेराव्या प्रकरणात तोच वारसदार येतो, मिस्टर कॉलिन्स, पाद्री आहे. एकोणिसाव्यात तो एलिझाबेथला मागणी घालतो अन् आधी लग्न करायची कारणं मोजून सांगतो, ती सरळ नाही म्हणते तर म्हणतो चांगल्या घरच्या पोरी पहिल्यांदा नाहीच म्हणतात. मी इथं इतकी हसली की घरचे पाहायला आले. एलिझाबेथची मैत्रीण शार्लोट, तिच्यावर मात्र लक्ष ठेव, ती 27 वर्षांची आहे अन् त्या काळात हे वय काय होतं ते तिच्या वागण्यात दिसतं.

हे लिहिणारी जेन ऑस्टिन, लग्न केलंच नाही तिनं. 1813 मध्ये पुस्तक आलं तेव्हा वर तिचं नावही नव्हतं, हक्क विकले 110 पौंडात, तिला 150 पाहिजे होते.

डार्सीचं म्हणशील तर चौतिसाव्या प्रकरणापर्यंत त्याला अकडूच समज, काही बिघडत नाही. इंग्रजी जड जात असेल तर संवाद मोठ्यानं वाच, अर्धे टोमणे कानालाच कळतात. पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, मोबाईलवर चालतं, अन् पिक्चर आधी पाहू नको.