राउटरचा अडॅप्टर पर्समध्ये

"मॅडम, हे बघा," म्हणत ताईंनी पर्समधून राउटरचा अडॅप्टर काढून टेबलावर ठेवला. ऐरोलीहून ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीपर्यंत तो त्यांच्याबरोबर आला होता. रोज ऑफिसलाही जायचा. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला ओंकार म्हणू. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. ताईंचा प्रश्न माझ्याकडे येणारे बहुतेक आईबाप विचारतात तोच : "रात्री तीन-तीन वाजेपर्यंत गेम. व्यसनच लागलंय. घरातलं नेट काढूनच टाकू का?"

"हा अडॅप्टर न्यायला लागल्यापासून काय फरक पडला?"

"मोबाईलचा डेटा वापरतो. तो संपला की घणसोलीला मित्राच्या रूमवर जातो." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच हसू आलं.

बाबा आले नव्हते. "आता ठाण्याला नेऊन टाकायचंच बाकी राहिलंय," एवढं बोलून ते मोकळे झाले होते. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे हे वाक्य अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. ठाण्यातच बसून समुपदेशन करणाऱ्या बाईला ते वरचेवर ऐकावं लागतं. असो.

पुढच्या आठवड्यात ओंकार एकटा आला. किती तास खेळतोस, हे मी विचारलंच नाही. त्याचं पाठ केलेलं उत्तर तयार होतं. गेममधली रँक विचारली. त्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि वीस मिनिटं बोलत राहिला. चौघांचा स्क्वाड, एक नाशिकचा, दोघे कोल्हापूरचे. कुठे उतरायचं, कधी थांबायचं, हे ठरवणारा ओंकार. "मी सांगतो तिथे सगळे येतात," तो म्हणाला. कॉलेजात त्याला असं कोण विचारणार होतं?

"एवढं खेळणं कधीपासून वाढलं?"

बराच वेळ गप्प. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षाच्या दोन केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय : एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, आणि मेकॅनिक्स. त्यानंतर तिसऱ्या सेमिस्टरच्या दोन पेपरांना तो बसलाच नव्हता. घरी सांगितलं होतं, रिझल्ट लागायचाय. गेम वाढला तो पहिल्या केटीनंतर. घरच्यांच्या हिशेबात मात्र गेममुळे केटी लागली होती. म्हणून गेम निर्दोष, असंही नाही. रात्री जागायचं, सकाळी लेक्चर बुडवायचं, मग कॉलेजात तोंड कसं दाखवायचं म्हणून पुन्हा गेम. चक्र नंतर दोन्ही बाजूंनी फिरतं.

व्यसन म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. पण तिथे तास मोजत नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही थांबवता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, हे पाहतात. ओंकार गणपतीत पाच दिवस गावी होता, तिथे रेंज नाही. चिडचिड नाही, मखराच्या कामात दंग. मी तो शब्द वापरला नाही. काही मुलांच्या बाबतीत वापरते. आंघोळ-जेवण सुटलेलं असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. आणि मोबाईल काढून घेतल्यावर मुलगा जिवाचं काही करून घेण्याची भाषा करत असेल, तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

केटीचं घरी सांगणं माझ्या खोलीतच झालं. या वेळी बाबाही होते, खिडकीकडे तोंड करून बसलेले. ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "फॉर्म भरायची तारीख गेली नाही ना?" त्या प्रश्नासाठी मी त्यांना मनात हात जोडले.

घरातली भांडणं बहुतेक जेवणाच्या वेळची होती. एक मॅच अर्ध्या तासाची. मध्येच थांबवता येत नाही, उठलं तर बाकीचे तिघे तोंडघशी. नेमकं तेव्हा ताई स्वीच बंद करायच्या, आणि एकदा ताट भिरकावलं गेलं होतं. ठरलं असं, की आईने "बंद कर" म्हणायचं नाही, "किती राहिलंय?" विचारायचं, त्याने खरं सांगायचं आणि ती मॅच संपली की उठायचं. रात्री साडेबारानंतर नवी मॅच नाही. सकाळी आठला उठून एम-वनच्या क्लासला. गेम सोडायची अट मी घातली नाही.

सगळं सुरळीत झालं, असं नाही. गेमचा सीझन संपताना रँकसाठी तो दोन रात्री जागला. ताईंनी घाबरून फोन केला, अडॅप्टर पुन्हा पर्समध्ये जाता जाता राहिला. एम-वन सुटला. मेकॅनिक्स अजून आहे.

परवा ताईंशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "आई, लास्ट झोन!"

"आमटी तिसऱ्यांदा गरम करणार नाही हं," असं त्याला सांगून ताई मला म्हणाल्या, "मॅडम, पाच मिनिटं आहेत, बोला."