मांगा (म्हणजे जपानी कॉमिक्स) आणि इतर कॉमिक्स नव्यानं वाचणाऱ्यासाठी

भावा, एकदम लांबलचक मालिकेला हात घालू नकोस, 'वन पीस' ही मांगा मालिका 1997 पासून चालू आहे, 100 च्या वर खंड झालेत, सगळं मागवून बसलास तर मधेच दमशील आणि पैसे अडकतील ते वेगळंच. आधी 'माऊस' घे, नाझींच्या काळात ज्यूंच्या झालेल्या छळावरचं आर्ट स्पीगलमनचं कॉमिक, पूर्ण गोष्ट एका जाड पुस्तकात मिळते, 1992 ला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालाय, लई भारी आहे.

नवीन पोरं करतात त्या चुका:

- नुसते बोलण्याचे फुगे वाचत पळायचं. चित्र बघ की! माऊसमध्ये ज्यू म्हणजे उंदीर, पोलिश म्हणजे डुकरं, आणि ज्यू माणूस पोलिश बनून लपतो तेव्हा डुकराचा मुखवटा लावतो, त्याची दोरी डोक्यामागं बांधलेली दिसते. शब्दात कुठं सांगत नाहीत, पण भीती त्या दोरीतच आहे.
- जपानी मांगा डावीकडनं वाचायचा. उजवीकडनं वाच, चौकटीसुद्धा.
- मत लिहिताना सगळी गोष्टच सांगून टाकायची. एकच पान धर, ते का आवडलं किंवा का खटकलं तेवढं लिही, बास.

शैली, प्रकार वगैरे नंतर बघू. विकत घ्यायच्या आधी कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिर ग्रंथालयात एकदा विचारून ये.