मॅडम, कोणतं पुस्तक घेऊ?

बी.एस्सी.चे प्रवेश झाले की लातुरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: इनऑरगॅनिक केमिस्ट्रीला पुस्तक कोणतं घेऊ? खरं तर हा ग्रंथपालाला विचारायचा प्रश्न. पण विचारणाऱ्याची झोप उडालेली असते, म्हणून तो माझ्यापर्यंत येतो.

अहमदपूर तालुक्यातून आलेली, बारावीपर्यंत इंग्रजीला बिचकणारी एक मुलगी. खोलीवर लायब्ररीतून आणलेली, लेखकांच्या नावांनीच ओळखली जाणारी तीन पुस्तकं: जे. डी. ली, श्रायव्हर-ॲटकिन्स आणि ह्यूई. एकाचंही पहिलं प्रकरण पुरं झालेलं नव्हतं.

"सीनियर म्हणतेत, ह्यूई वाचल्याबिगर नेटची परीक्षा निघत नाही. मी उघडलं की काहीच कळंना. मी मठ्ठच आहे बघा मॅडम."

"सीनियर कितवीला आहेत गं?"

"एम.एस्सी.ला."

पुस्तक माणसाला घाबरवत नाही, पुस्तकाबद्दलची समजूत घाबरवते, असं मी मानते. हिची समजूत अशी की बरोबर पुस्तक एकच असतं आणि ते चुकलं की तीन वर्षं वाया. अशा वेळी नुसता धीर देऊन काही होत नाही. समजूत तपासायलाच लावावी लागते.

पुढच्या भेटीला तिन्ही पुस्तकं आणायला सांगितली. प्रश्न तिच्याच अभ्यासातला घेतला: अमोनियात दोन बाँडमधला कोन सुमारे १०७ अंश, पाण्यात सुमारे १०४.५, दोन्हींत मध्यभागी इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या, तर फरक का? म्हटलं, तेवढाच भाग वाच, पुस्तक मिट आणि मला मराठीत सांग. मी कला शाखेची, मला कळलं पाहिजे.

लीमधला भाग वाचून ती बोलू लागली. "नायट्रोजनवर लोन पेअर, म्हणजे बाँडमध्ये नसलेली जोडी, एक, ऑक्सिजनवर दोन. त्या जास्त जागा घेतेत, बाँडमधल्या जोड्यांना रेटतेत. म्हणून पाण्यात कोन आणखी कमी होतो." बोटांनी कोन करून दाखवत होती. मग थांबली. "मॅडम, हे तर मला येतंय की!"

या वाक्यासाठी मी भेटीमागून भेटी थांबू शकते. ते मी तिला आयतं दिलं असतं, तर ते तिचं झालं नसतं. तोवर ती स्वतःला पुस्तकाच्या मापानं मोजत होती. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा पुस्तकाला आपल्या गरजेनं मोजलं. ह्यूई तिनं आपणच उघडलं. "इथं तिसऱ्याच प्रकरणात ग्रुप थिअरी आहे, सममितीचं गणित. हे मला आत्ता लागतच नाही."

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना माझं सांगणं असं: विकत घेण्याआधी लायब्ररीतून आणा. वर्गात नुकताच झालेला एकच मुद्दा प्रत्येक पुस्तकात वाचा आणि मिटून सांगून बघा. ज्यातलं सांगता येतं, ते घ्या. लीमध्ये मूलद्रव्यं गटवार येतात, भाषाही सोपी. आपल्याकडच्या बहुतेकांना सुरुवातीला तेच सोसतं. जुनी आवृत्ती चालते. कोऑर्डिनेशन कंपाउंड्स (धातूच्या अणूभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेली संयुगं) सुरू झाली की श्रायव्हर-ॲटकिन्स जोडीला घ्यावं, ह्यूई त्यानंतर. आणि सीनियरनं पुस्तक सुचवलं की एवढं जरूर विचारा: तुम्ही हे कोणत्या वर्षी वाचलं?