वाचक विचारतात : मंगळागौरीच्या खेळात नव्याने उतरताना

प्रश्न : वय ४६. आमच्या भागातल्या मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये जायची फार इच्छा आहे, पण शाळा सुटल्यापासून फुगडी घातलेली नाही. आता ऐन श्रावणाच्या तोंडावर गेले तर घेतील का? शिवाय फुगडीत चक्कर येते, त्याचं काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर जा, फक्त यंदाच खेळायला मिळेल असं धरून चालू नका. श्रावणात पुण्यातल्या ग्रुपना एकामागून एक कार्यक्रम असतात, नवीन बाईला शिकवायला सवड नसते. यंदा गाणाऱ्या बायकांबरोबर बसून झील धरा, म्हणजे मुख्य गाणारीच्या मागून ओळी म्हणा. हे काम दुय्यम मुळीच नाही. खेळ गाण्याच्या लयीवर चालतो. कुठल्या ओळीला वळायचं, कुठे वाकायचं हे ऐकता ऐकता पाठ होतं. प्रत्यक्ष सराव पुढच्या वैशाख-ज्येष्ठात सुरू करा.

सुरुवात झिम्म्याने. नवीन बायका टाळ्यांकडे लक्ष देतात आणि पावलं विसरतात, मग गोल आत आवळत जातो. आधी हात कमरेवर ठेवून नुसती पावलं बसवा, टाळी नंतर.

आता फुगडी. समोरासमोर, पाय जुळवून, चवड्याला चवडा भिडवून उभ्या राहा. उजव्या हाताने उजवा, डाव्याने डावा, अशी हातांची फुली. बोटं घामाने निसटतात, म्हणून एकमेकींची मनगटं धरा. कोपर सरळ, भार मागे; पण कंबरेत मोडायचं नाही, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत हवं. कोपर वाकलं की दोघी आत ओढल्या जातात आणि डोकी आपटतात. पावलं दोन-तीन इंचांची, जमिनीलगत. उड्या मारल्या की चवडे सुटतात आणि जोडी भरकटते. जोडीदारीण शक्यतो आपल्या उंची-वजनाची बघा. फरक असलाच तर वजनदार बाईने कमी झुकायचं, हलकीने जास्त.

चक्कर येते कारण अंग थांबलं तरी कानाच्या आतला द्रव काही क्षण फिरत राहतो. फिरताना नजर जोडीदारणीच्या कपाळावर ठेवा, मागच्या भिंतीवर नको. पहिले काही दिवस पाचच फेरे घ्या. आणि खरं सांगायचं तर फिरण्याआधी थांबायला शिका, कारण पडझड बहुधा थांबतानाच होते : एकीला गरगरतं, ती हात सोडते, दुसरी मागे कोसळते. शेवटचे दोन-तीन फेरे संथ करा, सरळ उभ्या राहा, दोघींचा तोल आला की मगच हात सोडा. अंथरुणात कूस बदलतानाही गरगरत असेल, तर फुगडीआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

गुडघे दुखत असतील तर बसफुगडी आणि कोंबडा सोडून द्या. उकिडवं बसून उड्या मारताना सगळा भार गुडघ्यांवरच येतो. झिम्मा आणि पिंगा उभ्यानेच होतात.

सरावाला सलवार-कुर्ता चालतो. पाय अनवाणी हवेत, फरशीवर मोजे घसरतात. जोडवी आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवा. चवडे भिडले की जोडवी समोरचीच्या बोटांना कापतात. शेवटच्या काही तालमी मात्र नऊवारीतच करा. सैल बसलेला काष्टा खेळताना सुटतो, आणि तो किती घट्ट हवा हे खेळूनच कळतं.