चुली मोजता येतात का?

पत्र (थोडक्यात): मुलगी बारावी सायन्स. सीईटीला ८१ पर्सेंटाइल. पुन्हा परीक्षा द्यायला सांगतोय, तर ती रात्र रात्र लॅपटॉपवर पूरग्रस्त वस्त्यांचे नकाशे काढत बसते. म्हणते, यातच करिअर करणार. ऐकली नाही तर लॅपटॉप काढून घेईन असं बजावलंय. की निदान ड्रोनचं लायसन्स काढून द्यावं?
– एक वडील, पुणे

उत्तर: आधी लॅपटॉपची धमकी मागे घ्या. तुमच्या चार पानी पत्रात पर्सेंटाइल तीनदा आलाय. मुलीचं म्हणणं एका ओळीत उरकलंय, तेही 'नाद' म्हणून. मनाविरुद्ध पुन्हा सीईटीला बसवलंत, तर वर्ष जाईल आणि मुलगी तुमच्याशी बोलायचीही थांबेल. मला मार्कांपेक्षा याची काळजी वाटते.

ड्रोनचं म्हणाल, तर त्या लायसन्सला १८ वर्षं वय, दहावी पास आणि डीजीसीएमान्य (म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेल्या) संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. ते कधीही काढता येईल. पण ड्रोन आला की पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचं काम झालं, हा मोठा गैरसमज आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी टांगेवाला कॉलनीत शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. तसली वस्ती ड्रोन एका बॅटरीत टिपतो, पण टिपतो ती छपरं. खाली मालक, माळ्यावर भाडेकरू; छप्पर एक, चुली दोन, म्हणजे कुटुंबं दोन. त्यात पुरानंतर तीन-चार घरांवर मिळून एकच निळी ताडपत्री ओढलेली असते, वरून ते एकच घर दिसतं. मदतीच्या यादीत एकच नाव चढलं की बाकीचे मदतीला मुकले. घरोघर जाऊन मोबाइलवर जागा नोंदवावी, तर त्याचा जीपीएस मोकळ्यावरसुद्धा चार-पाच मीटर चुकतो, बोळात आणखी. खोली दहा बाय पंधरा फुटांची, म्हणजे रुंदी जेमतेम तीन मीटर. नकाशावरचा ठिपका शेजारच्या घरात जाऊन पडतो! म्हणून दारावर रंगाने नंबर टाकायचा, नंबरासकट फोटो घ्यायचा, ड्रोनच्या चित्रावर ठिपका हाताने बसवायचा, फॉर्ममध्ये 'घर' आणि 'चूल' असे दोन रकाने ठेवायचे. फॉर्म ऑफलाइन चालणारा हवा आणि सोबत पॉवर बँक, कारण तेव्हा नेटवर्कही नसतं आणि वीजही. एवढं करूनही पैसे अडकतात: पासबुक वाहून गेलेलं, आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. हे दारात उभं राहून विचारल्याशिवाय कळत नाही.

इंजिनिअरिंगच हवं असेल तर सिव्हिल, पुढे गेटला (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला) जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमीन मोजणी-नकाशाशास्त्राचा पेपर आहे. माझं मत विचाराल तर तिला भूगोलात पदवी करू द्या, मग जिओइन्फर्मॅटिक्स (संगणकावरचं नकाशाशास्त्र) किंवा टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) आपत्ती व्यवस्थापन. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ते आजच सुरू होईल. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात, हे मात्र तिला आधीच सांगून ठेवा.

या रविवारी तिच्या शेजारी बसा. तिने काढलेला एखादा नकाशा उघडायला सांगा आणि विचारा, या छपराखाली चुली किती? ती 'माहीत नाही' म्हणाली, तर वस्तीत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर तिला महिनाभर पाठवा. ड्रोनची फी तोवर राहू द्या.