डोळे तपासले, नंबर तोच, मग रात्री डोकं का दुखतं?

प्रश्न: नवा ओलेड स्क्रीनचा फोन घेऊन दीड महिना झाला, १२० हर्ट्झचा आहे. दिवसा काही नाही पण रात्री ब्राइटनेस एकदम खाली आणून वाचत बसले की थोड्या वेळात कपाळ ठणकायला लागतं. डॉक्टरांनी तपासलं, डोळे ठीक आहेत. घरचे म्हणतात मनाचे खेळ. जुन्या एलसीडी फोनवर असं कधी झालं नव्हतं, स्क्रीनमुळे असेल का?

उत्तर: असू शकतं, आणि मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. १२० हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा नवं होतं, ते वेगळं. बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करायला सतत चालू-बंद होत राहतात, कित्येक फोनमध्ये सेकंदाला २४० किंवा ४८० वेळा, याला पीडब्ल्यूएम म्हणतात, आणि बंद राहायचा वेळ वाढला की आपल्याला स्क्रीन मंद वाटते. म्हणजे बघा, डोळ्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही ब्राइटनेस उतरवता आणि तिथेच लुकलुक जास्त तीव्र होते.

ती दिसत नाही, पण काहींना बाधते. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ऑफिसातल्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबऐवजी जवळपास स्थिर उजेडाच्या ट्यूब लावल्या, कोणती कधी लावली ते कर्मचाऱ्यांना माहीत नव्हतं, तरी डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून खाली आला. घरच्यांना हे जरूर सांगा.

जुना फोन आहे ना, त्याच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून फास्ट ठेवा आणि नव्या फोनची मंद पांढरी स्क्रीन बघा, जाड काळे पट्टे दिसले तर लुकलुक आहे.

मग ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवा आणि अँड्रॉइडवर एक्स्ट्रा डिम, आयफोनवर रिड्यूस व्हाइट पॉइंट लावा, यात पिक्सेलचा रंगच गडद होतो म्हणून लुकलुक वाढत नाही. सेटिंगमध्ये डीसी डिमिंग किंवा फ्लिकर रिडक्शन असा लुकलुक कमी करणारा पर्याय सापडला तर तोही सुरू करा. नाइट मोडने फक्त स्क्रीन पिवळी होते, लुकलुक तशीच राहते. आणि खोलीत एखादा दिवा लावून वाचा, म्हणजे ब्राइटनेस इतका उतरवायची वेळच येत नाही.

आठ-दहा दिवस हे करून बघा आणि एक-दोन रात्री मुद्दाम जुन्या फोनवर वाचा. त्यावरही कपाळ ठणकलं तर कारण दुसरं आहे, परत डॉक्टरांकडे जा.